इनासची तान आणि रेजिनची पट्टी

फार पूर्वी, आपल्या किनाऱ्याला शिडाची गलबतं लागायची त्या काळातली ही गोष्ट. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक गाव होतं. कुठल्याशा परदेशी गलबतावरून उतरलेली एक गिटार त्या गावात राहून गेली. तिच्यावरून गावच्या सुताराने दुसरी केली, दुसरीवरून तिसरी झाली. दोन पिढ्यांत अशी गत आली की ज्या घरात गिटार नाही, त्या घरात मुलगी द्यायला लोक मागेपुढे बघत.

त्या गावात इनास नावाचा एक दोर वळणारा राहायचा. काथ्या वळून वळून त्याची बोटं लाकडासारखी टणक झाली होती, पण तीच बोटं तारांवर पडली की ऐकणारा हातातलं काम विसरायचा. त्याची बायको रेजिन गायची. भाताची कापणी आटोपली की बंदराजवळच्या मैदानात मेळा भरायचा आणि मेळ्याचा शेवट दरवर्षी या दोघांच्या गाण्याने व्हायचा. गाणं जुनंच, होडीवाल्याची वाट बघणाऱ्या बाईचं. पहिलं कडवं झालं की रेजिन थांबायची आणि इनास आपली तान सोडायचा. ती तान काय वर्णावी! उडत्या माशांचा थवा पाण्यातून एकदम वर यावा तसे सूर यायचे. पोरंसोरं ती तान तोंडाने म्हणत गावभर हिंडायची. अशी तीस वर्षं गेली.

गिटारच्या लांब दांड्यावर आडवे पडदे बसवलेले असतात. दोन पडद्यांमधल्या जागेला त्या गावात घर म्हणत. बोट एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की सूर बदलतो. इनासची सगळी तान सातव्या घरापासून दहाव्या घरापर्यंत चालायची. त्या चार घरांत तो राजा होता. त्यांच्या पलीकडे त्याचं बोट कधी गेलं नव्हतं, आणि जायला हवं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

एका वर्षी मेळ्यात नेहमीप्रमाणे इनासने सूर दिला आणि रेजिनने गाणं सुरू केलं. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. तान झाली, टाळ्या झाल्या. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुराला रेजिनचा आवाज पोचला, थरथरला आणि फुटला. मागे कोणीतरी हसलं. रेजिनने पदर तोंडाला लावला आणि उरलेलं कडवं तिने म्हटलंच नाही.

घरी जाताना इनास चिडला होता. लोकांसमोर आपली शोभा झाली असं त्याला वाटत होतं.

"काय झालं गं? घसा बसला होता का?"

"घसा नाही बसला," रेजिन म्हणाली. "पट्टी खाली आली आहे माझी. वय झालं की येते."

"आजच आली?"

"सहा-सात वर्षं झाली असतील."

इनास चालता चालता थांबला. "मग बोलली का नाहीस? खालून म्हणायचं होतं."

"खालून म्हटलं तर तुमची तान कुठून आली असती?" भात शिजला आहे असं सांगावं, तितक्या साधेपणाने ती बोलत होती. "एकदा घरी म्हणून बघितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, बेसूर होते आहेस. मग मीच शहाणी झाले. मेळ्याच्या आधी महिनाभर विहिरीवर जाऊन वरचे सूर घोटायचे. दरवर्षी पोचत होते. यंदा नाही पोचले."

"अगं, पण इतकी वर्षं..."

"तुम्हाला तिथून हलता येत नाही ना, म्हणून मी येत होते तिथे," रेजिन म्हणाली आणि पुढे चालू लागली.

यात तक्रार नव्हती, म्हणूनच इनासला ते जास्त लागलं. तो दिवस त्याला आठवला. त्याने काथ्याच्या ढिगावर बसून हसत हसत म्हटलं होतं, "रेजिन, बेसूर होते आहेस गं." आणि तीही हसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गिटार घेतली. त्याला वाटलं, यात काय मोठं? सगळी तान तीन घरं खाली सरकवली की झालं. त्याने बोटं सरकवली. पण त्याच्या तानेत मध्ये मध्ये मोकळ्या, बोट न दाबलेल्या तारा वाजायच्या. बोटं खाली सरकली, मोकळ्या तारा कशा सरकणार? त्या आपल्या जुन्याच सुरात ओरडल्या. त्या सोडून बघितलं तर तान फाटक्या जाळ्यासारखी वाटू लागली. मधला सूर कुठे सापडेल ते त्याला ठाऊकच नव्हतं. स्वयंपाकघरात नारळ खवण्याचा आवाज थांबला होता. रेजिन ऐकत होती. इनासने गिटार खाली ठेवली.

त्याच आठवड्यात मेळ्याचे पंच घरी आले. चांगले गृहस्थ होते, वाईट बोलायला आले नव्हते.

"इनास, तुझी तान म्हणजे गावाची शान," ते म्हणाले. "खालच्या आळीत एक मुलगी आहे, आवाज अगदी बासरी. तुझ्या पट्टीत बरोब्बर बसतो. पुढच्या मेळ्यात ती गाईल. रेजिनबायने खूप केलं, आता तिने समोर बसून ऐकावं."

खरं सांगायचं तर क्षणभर इनासला बरं वाटलं. तान वाचणार होती. तेवढ्यात आतून रेजिनचा आवाज आला, "हो म्हणा की. तीस वर्षांची तान आहे. वाया जायला नको."

तो आवाज कुठे लागला होता ते इनासने आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं. खाली, खूप खाली. आणि तिथे तो फुटत नव्हता, थरथरत नव्हता. तिथे तो भरलेल्या रांजणासारखा होता.

"पंच," इनास म्हणाला, "पुढच्या मेळ्यात रेजिनच गाईल."

"आणि तान?"

"तानेचं बघू. असली तर असेल."

पंच मान हलवत गेले. रेजिनने बाहेर येऊन विचारलं, "हे काय केलंत?"

गावाबाहेरच्या मिठागरात सांतान नावाचा माणूस काम करायचा. तोही गिटार वाजवायचा, पण त्याचं कोणी कौतुक करायचं नाही. लग्नात नवरीची आजी गायला लागली की सांतान साथीला, मयताच्या घरी रडवेल्या गळ्यांच्या मागे सांतान, अंगणात पोरं चढाओढीने किंचाळत गायली तरी सांतान. जो जिथून गाईल तिथून हा वाजवायचा. पूर्वी एकदा भर मेळ्यात इनास त्याला म्हणाला होता, "सांतान, तुझ्या वाजवण्यात मीठ आहे रे, पण फोडणी नाही." सगळे हसले होते. सांतानही हसला होता, पण त्यानंतर तो मेळ्यात वाजवायला बसला नाही.

इनास दोनदा मिठागरापर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्यांदा मात्र गिटार घेऊन बांधावर उभा राहिला. सांतान फावड्याने मीठ ओढत होता.

"सांतान, मला शिकव."

सांतानने वर बघितलं. "काय, फोडणी संपली?"

"संपली," इनास म्हणाला. "त्या दिवशी बोललो ते चुकलं माझं."

सांतानने फावडं टेकवून ठेवलं, हात धुतले आणि बांधावर बसला. "वाजव," म्हणाला. इनासने तान वाजवली. सांतान म्हणाला, "चार घरं आहेत तुझी. छान सारवलेली आहेत. पण या दांड्यावर किती घरं आहेत, मोजलीस कधी? रेजिनबायचा सा आता जिथे लागतो, तो एकच सूर घे. सहा तारा आहेत. प्रत्येक तारेवर तो कुठे ना कुठे राहतोच, कुठे जाड आवाजात, कुठे बारीक. सगळ्या जागा शोध आणि मग ये."

इनासला ते पोरखेळ वाटलं. पण तो एक सूर शोधायला त्याला आठ दिवस लागले. मग दुसरा सूर, मग तिसरा. पुढे सांतान म्हणाला, "आता खालच्या सा वरून वरच्या सा वर जा. रोज वेगळ्या वाटेने. पण आधी तोंडाने म्हण आणि मगच बोट ठेव. जे गळ्यातून आलं नाही ते बोटातून आणायचं नाही."

तीस वर्षं गाजलेला वादक आता अंगणात बसून लहान मुलासारखा एक एक सूर चाचपडायचा. बोट चुकीच्या घरात पडायचं, पुन्हा उचलायचा. रस्त्यावरून जाणारे थबकायचे आणि एकमेकांना म्हणायचे, "इनासची बोटं गेली वाटतं." कोणी आग्रह करायचं, "इनासदादा, ती तान एकदा होऊ द्या की." तो म्हणायचा, "विसरलो." आणि खरोखरच हळूहळू तो ती विसरत चालला. एकदा एकटा असताना त्याने ती वाजवून बघितली. मध्येच अडखळला आणि त्याला रडू आलं. इतक्या वर्षांची सोबतीण होती ती.

सांतानने दिलेला धडा संपला की इनास घरातल्या घरात कान देऊन बसायचा. रेजिनला काम करताना गुणगुणायची सवय होती. ती गुणगुणायला लागली की तो हलकेच तो सूर दांड्यावर शोधायचा. पाणी भरताना तिचा आवाज सगळ्यात खाली असायचा. उन्हं चढली की दोन घरं वर यायचा. दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीचा निरोप आला की आणखी एक घर वर. मनाला काही लागलं असलं की गुणगुणणं इतकं खाली जायचं की सगळ्यात जाड तारेवर शोधावं लागायचं. तीस वर्षांच्या संसारात आपल्या बायकोबद्दल इतकं इनासला कळलं नव्हतं.

एक दिवस मासे साफ करता करता रेजिन गात होती. आपल्या सुराखाली आणखी एक सूर चालतो आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली.

"थांबू नकोस," बाहेरून इनास म्हणाला.

ती पुन्हा गायला लागली. त्या दिवशी मासे साफ व्हायला फार वेळ लागला.

पुन्हा भात कापून झालं, पुन्हा मेळा आला. संध्याकाळच्या उन्हात मैदान भरलं. पंच पुढे बसले होते, सांतान सगळ्यात मागे मिठाच्या गाडीला टेकून उभा होता. रेजिनने सवयीने इनासकडे बघितलं. दरवेळी सूर तोच द्यायचा. या वेळी त्याने दिला नाही.

"कुठून म्हणू?" तिने हळूच विचारलं.

"तुला जिथून बरं वाटेल तिथून."

रेजिनने क्षणभर डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं. ते इतकं खालून आलं की पुढे बसलेली माणसं चमकली. पहिलं कडवं संपलं. आता तान, म्हणून पोरं सरसावून बसली. इनासने रेजिनचा शेवटचा सूर उचलला, दोन-चार पावलं पुढे नेला, थोडा रेंगाळला आणि पुन्हा तिच्या हाती आणून दिला. बस, एवढंच. उडते मासे नाहीत, काही नाही. मैदानात कुजबूज झाली. पंच जमिनीकडे बघू लागले. इनासच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण त्याचं लक्ष रेजिनकडे होतं. दुसरं कडवं ती गात होती. वरचा सूर आला, आणि तिने तो दारातल्या पायरीवर बसावं तितक्या सहज घेतला. कुजबूज थांबली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "वाट बघणारी बाई अशीच गात असेल गं. आपण आजवर ऐकलंच नव्हतं."

गाणं संपलं. गेली काही वर्षं इथे रेजिन मटकन खाली बसायची, गळा धरायची, गरम पाणी मागायची. आज ती उभीच राहिली.

"अहो," ती म्हणाली, "अजून एक म्हणू?"

"कुठलं?"

"तुम्हाला नाही येत ते. माझ्या आईचं आहे. तुमच्या पट्टीत बसत नव्हतं, म्हणून कधी म्हटलं नाही."

न ऐकलेलं गाणं, आणि सगळं गाव समोर! तरी इनास म्हणाला, "म्हण तू. मी येतो मागून."

रेजिन गाऊ लागली. इनासने कान दिला, एका घरात बोट ठेवलं. चुकलं. शेजारच्या घरात सरकवलं आणि तिथे तो सूर होता. मग दुसरा सापडला, मग तिसरा. कधी वर, कधी खाली, ती जिथे जाईल तिथे तो पोचत गेला. मागे उभ्या असलेल्या सांतानने डोळे पुसले की मिठाचा हात डोळ्यांना लागला, कोणास ठाऊक.

आता तो मेळा भरत नाही. ते मैदानही भरतीने खाल्लं. पण त्या किनाऱ्यावरची म्हातारी माणसं अजून ती संध्याकाळ सांगतात. त्या दिवशी रेजिनने एकामागून एक पाच गाणी म्हटली. आपल्या गावातल्या एका बाईपाशी इतकी गाणी आहेत, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्यालासुद्धा.

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, तात्पर्य ध्यानात ठेवा: ज्याला एकच जागा ठाऊक असते, त्याच्यापाशी इतरांना धापा टाकत यावं लागतं; जो सगळ्या वाटा शिकतो, तो स्वतः दुसऱ्यापाशी जाऊ शकतो.