'निकाली' शेऱ्याची गोष्ट

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या शिष्याला आवराआवरीची हुक्की आली. आता हे आचार्य वेदांताचे नव्हेत, संगणकाचे. लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवर एका संगणकातून दुसऱ्यात फाइली पाठवणारं एक साधन होतं. त्याचं पॅकेज, म्हणजे कुणालाही सहज बसवता येईल असा संच, बांधून लोकांना मोफत देणं हे या गुरुशिष्यांचं व्रत.

त्या साधनाविरुद्धची एक तक्रार चार वर्षं उघडीच होती. फाइल दाबून लहान करून पाठवली तर क्वचित बिघडून पोचते, असं एका मठाचा पोथीसंग्रह सांभाळणाऱ्या मंदाकिनीबाईंनी कळवलं होतं. साधन लिहिणारे म्हणत, दोष पॅकेज बांधणाऱ्यांचा. बांधणारे म्हणत, लिहिणाऱ्यांचा. शिष्याने आपल्या संगणकावर दहादा करून पाहिलं, एकदाही बिघडलं नाही. वर्षभरात बाईंचंही काही पत्र नव्हतं. मग काय, पठ्ठ्याने 'निकाली' असा शेरा मारला आणि आठवड्याभराने सगळी यादी स्वच्छ झाल्याचं गुरूंना सांगायला गेला.

आचार्य रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या प्रबंधाची चौकशी केली. तीन वर्षांचे श्रम होते ते. मग शांतपणे म्हणाले, "तो प्रबंध याच साधनाने, दाबून, मला पाठव. आणि पोचला की नाही हे न तपासता तुझ्याकडची प्रत पुसून टाक."

शिष्य बसला खरा, पण बोट काही बटणावर टेकेना. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"थांबलास ना?" आचार्य म्हणाले. "दोष सापडला नाही यात कमीपणा नाही, बाळा. मलाही सापडला नाही. पण जिथे आपला जीव धजत नाही, तिथे दुसऱ्याला 'खुशाल जा' म्हणू नये. पडकी विहीर बुजवता आली नाही, तरी तिच्याभोवतीच्या काट्या काढायच्या नसतात."

शिष्याने तक्रार पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं, 'दोष अजून आहे. आम्हाला तो सापडलेला नाही. दाबून पाठवू नका, मूळ प्रत हातची सोडू नका.'

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाईंचं पत्र आलं. 'निकाली' वाचून त्यांनी दोनशे जीर्ण पोथ्यांची छायाचित्रं दाबून दुसऱ्या संगणकावर पाठवली होती, जागा नाही म्हणून जुन्यावरची पुसलीही होती. पोथ्या रिवाजाप्रमाणे नदीत विसर्जनासाठी कापडात बांधून ठेवल्या होत्या. नवा मजकूर पाहून त्यांनी फाइली एकेक उघडल्या, तर एकोणीस उघडल्याच नाहीत. गाठोडी सोडून पोथ्या परत कपाटात ठेवल्या आहेत, असं लिहून बाईंनी शेवटी मनापासून आभार मानले होते.

ते आभार वाचून शिष्य लगेच संगणकाशी बसला. 'तो शेरा मीच मारला होता,' एवढंच त्याने उत्तरात लिहिलं. ते पाहून आचार्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

प्रत्येक गाठ आपल्याच्याने सुटते असं नाही. पण न सुटलेलीला सुटली न म्हणणं, तेवढं आपल्या हातात असतं.