शेटची स्वतःची गाडी

जनावरांच्या दवाखान्यात नव्याने लागलेल्या मंदाकिनी तिडकेला गावोगाव फिरायला जुनी मोटारसायकल हवी होती. जुन्या गाड्या विकणाऱ्या गुलाबशेटने दुकानातली एक चकाचक रंगवलेली गाडी पुढे केली. तिने इंजिनाबद्दल विचारताच तो गिऱ्हाइकांसमोर हसला.

"ताई, तुम्ही अजून गाडी चालवायला शिकताय, तुम्हाला काय कळणार? माझ्या स्वतःच्या गाडीपेक्षा ही सरस आहे."

मंदाकिनीने दारात उभ्या असलेल्या त्याच्या गाडीकडे पाहिलं.

"मग शेट, शिकाऊ हातात इतकी चांगली गाडी कशाला खराब करायची? ही तुम्ही ठेवा. त्याच भावात तुमची मला द्या."

गिऱ्हाइकं हसू लागली. शब्द फिरवावा तर दुकानाची अब्रू जाणार. शेटने खिशातली किल्ली काढून दिली.

चौकात तिच्या शिकाऊ हातातून क्लच एकदम सुटला आणि गाडी बंद पडली. मंदाकिनीने पुन्हा किक मारली आणि भर बाजारातून ती ताठ मानेने निघाली.