बर्फाच्या देशातले साप

एकदा एका राजाने आपल्या राज्यातल्या एका वृद्ध वैद्यांना बोलावून घेतले आणि एक विलक्षण काम सांगितले. "माणूस रोगाने जातो, म्हातारपणाने जातो, ते मी समजू शकतो," राजा म्हणाला. "पण धडधाकट माणूस स्वतःच्याच जिवावर उठतो, याचे काय करायचे ते मला कळत नाही. इतर देश हे कसे थांबवतात, शोधून काढा. जो देश सर्वांत पुढे असेल, त्याचे कायदे आपण आणू."

वैद्य वयाने थकलेले होते, म्हणून त्यांनी आपला सर्वांत हुशार शिष्य पाठवला. तरुण खरोखर गुणी होता. चौकस, नेटका, आकड्यांत पक्का. त्याची एकच खोड होती. हातात सदैव घुंगरू बांधलेली काठी असायची आणि कुठल्याही खोलीत शिरण्यापूर्वी तो ती तीनदा जमिनीवर आपटायचा. सात वर्षांचा असताना त्याची आई सर्पदंशाने गेली होती. तेव्हापासून अंथरूण झटकल्याशिवाय तो निजला नव्हता. बरोबरीचे शिष्य त्याला गारुडी म्हणत, आणि तो बिचारा हसून घेई.

वर्षभर तो देशोदेशी हिंडला. राजसभेच्या आदल्या दिवशी सकाळी परत आला, तेव्हा वैद्यांच्या मठाच्या दारात एक कासार त्याची वाट पाहत बसला होता. दोन कोसांवर दिलेल्या धाकट्या बहिणीचा, मैनाचा निरोप होता. तिला तीन महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, दादाला सांगा, जमलं तर येऊन जा." कासार जरा घुटमळला. "मी बांगड्या भरायला गेलो, तर पोरीनं हातच पुढे केला नाही. तुम्ही आजच गेलात तर बरं."

"उद्या सभा आहे. ती आटोपली की जातो," शिष्य म्हणाला, आणि बाडबिस्तरा घेऊन आत गेला. त्याचे मन अहवालात होते. चांगल्या माणसांचे असेच होते. जगाचे दुःख मोजताना शेजारचा निरोप उद्यावर जातो.

वैद्य ओसरीवर बसले होते. शिष्याने कागद उलगडले. एका देशात पाण्याकाठी आणि उंच जागी कठडे बांधले होते, तिथे संख्या थोडी उतरली होती. समुद्राकाठच्या एका देशात गावोगावच्या प्रौढ बाया घरोघर जाऊन बसत आणि गप्प झालेल्या माणसाला थेट विचारत, की तुला जगू नये असे वाटते का. तिथली संख्या मोठी होती, पण वर्षागणिक कमी होत होती.

"आणि तिसरा देश, गुरुजी," शिष्याचा आवाज चढला, "उत्तरेकडचा, बर्फाचा. तिथे शून्य! दहा वर्षांत एकही नाही. कायदा कडक आहे. जो प्रयत्न करील त्याला तुरुंग, आणि ज्याच्या घरी असा मृत्यू घडेल त्या घराशी सोयरीक बंद. लोक धाकात आहेत. मी तोच कायदा सुचवतो आहे."

"त्यांच्या मृत्यूच्या नोंदी आणल्यास?"

"अक्षर न् अक्षर उतरवून आणल्या."

वैद्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि रकान्यांवरून बोट खाली नेले. ताप. बाळंतपण. पडझड. सर्पदंश. तिथे बोट थांबले.

"गेल्या वर्षी दोनशे चौदा माणसे सर्पदंशाने गेली म्हणतोस?"

"लिहिले आहे तसे."

"तू तिथे चार महिने होतास. किती साप पाहिलेस?"

शिष्य चटकन म्हणाला, "एकही नाही, गुरुजी! तिथे आठ महिने बर्फ असतो. तिथले लोकच मला हसले. म्हणाले, आमच्या मुलांनी साप फक्त चित्रात पाहिला आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी अंथरूण न झटकता..."

वाक्य तोंडातच राहिले. आपण काय बोललो ते त्याचे त्यालाच ऐकू आले होते. त्याने वैद्यांच्या हातातला कागद ओढून घेतला. दोनशे चौदा. त्याच्याच सुबक अक्षरात, त्याच्याच शाईने. या माणसाला सापांची एवढी भीती, आणि हा आकडा उतरवताना त्याचा हात थबकला नव्हता. कारण तो आकडा त्याच्या विषयाचा नव्हता.

"मी शून्य पाहत होतो," तो पुटपुटला.

 वैद्य उठले, शिष्याची घुंगराची काठी उचलली, गुडघ्यावर ठेवून मोडली आणि चुलीत घातली.

"गुरुजी!" शिष्य ओरडला. गुरूंवर आवाज चढवण्याची ती पहिलीच वेळ. "आई गेली तेव्हापासून ती काठी माझ्याजवळ आहे! बावीस वर्षं! माझी चूक झाली हे कबूल, पण काठीचा काय अपराध?"

वैद्य आत गेले आणि मृत्यूच्या नोंदींची एक जुनी वही घेऊन आले. त्यांच्याच गावची, त्यांच्याच हस्ताक्षरातली. एक पान उघडून त्यांनी समोर ठेवले.

येसू. वय सव्वीस. सर्पदंश.

आईचे नाव होते. शिष्य त्याकडे पाहतच राहिला. वैद्यांनी टाक शाईत बुडवला, शेवटच्या शब्दावर आडवी रेघ ओढली आणि शेजारी खरे कारण लिहिले. 

"तुझे वडील हात जोडून उभे होते," ते म्हणाले. "लेकीचे लग्न कोण करील, मुलाला कोण शिकवील, म्हणत होते. मला दया आली, आणि मी साप लिहिला. मग त्या आळीत काय झाले ठाऊक आहे? लोकांनी झुडपे जाळली, बिळे बुजवली, तीन निरुपद्रवी धामणी ठेचल्या. पण आळीतल्या एकाही बाईला कुणी विचारले नाही, की बाई गं, तू बरी आहेस ना? दोन वर्षांनी शेजारच्या घरी तेच झाले, आणि मी पुन्हा साप लिहिला. मी सत्य लिहिले असते तर येसू परत आली नसती. पण त्या दुसरीच्या दारात कुणीतरी वेळेवर गेले असते. तुझ्या बर्फाच्या देशातला, घरच्यांना वाचवायला साप लिहिणारा कारकून आणि मी, आम्ही दोघेही चांगलीच माणसे आहोत रे. आमच्या चांगुलपणाने माणसे गेली."

शिष्य खाली बसला.  बावीस वर्षे तो ज्या सापाला भीत आला होता, तो कधी आलाच नव्हता.

वैद्यांनी हलकेच विचारले, "मैना किती वर्षांची झाली?"

"सव्वीस," शिष्य म्हणाला, आणि ताडकन उभा राहिला.

"जा. सभेत मी जातो. ही वही घेऊनच जातो."

तो दोन कोस जवळजवळ पळतच गेला. मैना माजघरात भिंतीला टेकून बसली होती. मूल सासूच्या मांडीवर होते. "बरी आहे ती," सासूबाई घाईने म्हणाल्या, "बाळंतपणाचा थकवा आहे, दुसरं काही नाही." मैनाही म्हणाली, "बरी आहे."

शिष्य तिच्यासमोर जमिनीवर बसला. समुद्राकाठच्या त्या बाया त्याला आठवल्या. त्याने त्यांना विचारले होते, असे विचारल्याने नसलेला विचार मनात येत नाही का? त्या म्हणाल्या होत्या, विचार आधीच आलेला असतो, आपण फक्त त्याला सोबत देतो.

"मैना, जगू नये असं वाटतं का तुला?"

"अहो पाहुणे, घरात असलं अभद्र बोलू नका!" सासूबाई कळवळून म्हणाल्या.

मैनाने मान वर केली. म्हणाली, "रोज वाटतं, दादा. कुणी विचारेल म्हणून वाट बघत होते."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.  मग मूल कडेवर घेऊन त्या उठल्या आणि सुनेला खेटून बसल्या. "मला का नाही गं सांगितलंस?" एवढेच म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

शिष्याने मैनाचा हात धरला. "आई साप चावून गेली नव्हती, मैना. मला आज कळलं."

"मला ठाऊक होतं," मैना म्हणाली. "मी घरातच होते तेव्हा."

"मग बावीस वर्षांत मला सांगितलं का नाहीस?"

"तू काठी आपटत घरात शिरायचास. तुला सापच हवा होता."

शिष्य त्या दिवशी परतला नाही आणि पुढे महिनाभरही परतला नाही. बहिणीवर औषधोपचार चालू होते, आणि घरातले कुणी ना कुणी तिच्याजवळ बसत होते. तो कडक कायदा काही त्या राज्यात आला नाही. त्या वर्षी नोंदी खऱ्या लिहिल्या गेल्या, तेव्हा राज्याचा आकडा इतका वर गेला की राजा हबकला. पण कुठल्या गावात, कुठल्या आळीत आधी जाऊन विचारायचे, हे त्यामुळेच पहिल्यांदा कळले.

आपल्याही घरात, नात्यात असा एखादा साप कुणीतरी लिहून ठेवलेला असेल, तर तो एकदा खोडा, आणि जो कुणी गप्प बसला आहे त्याला आज विचारा.

मैना पुष्कळ वर्षे जगली. नातवंडे खेळवून गेली. तिच्या नावापुढे वहीत 'वार्धक्य' असे लिहिले आहे, आणि ते खरे आहे.