महाराजांची दाढ

कोंढवी आणि सांगवण इथल्या राजांचं हाडवैर होतं, पण लढायचं मात्र मधल्या घाटातल्या दोन वाड्यांनी. एका वाडीला हे तलवारी पुरवत, दुसरीला ते.

एकदा कोंढवीच्या महाराजांची दाढ ठणकू लागली. घाटातल्या म्हाळसा वैदिणीला बोलावणं गेलं. तिनं भर दरबारात पिशवीतून दाढ उपटायचा चिमटा बाहेर काढला आणि शेजारी उभ्या असलेल्या सेनापतीचा जबडा धरला.

महाराज ओरडले, "अगं, दाढ माझी दुखतेय!"

"ठाऊक आहे, महाराज. पण वैर आपलं आणि मुडदे आमचे, हीच इथली रीत ना? म्हटलं, कळ आपली, तर दाढ यांची."

महाराजांनी मुकाट तोंड उघडलं. दाढ निघाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं रक्त पाहून रणधुरंधर महाराज बेशुद्ध पडले.