जैतूनबीच्या जनाज्याच्या तीन सफा

बालाघाटाच्या उताराला सावरखोरे नावाचे लहानसे गाव. तिथल्या चिंचेखाली शहामहाराजांनी बैठक मांडली, आणि गावाला एक सावली लाभली. महाराज पाच वेळची नमाज चुकवीत नसत आणि दारी आलेल्याला जात विचारीत नसत. त्यांना या दोन गोष्टी एकच वाटत.

त्या गावची सुईण जैतूनबी पिंजारी. चाळीस वर्षे तिने प्रत्येक घरची बाळंतपणे केली. पाचवीला सटवाईपुढे सुईणीचा मान असतो. तो नारळ, ती ओटी ती हसतमुखाने पदरात घेई. जगलेले लेकरू आईच्या कुशीत देई, न जगलेले न्हाऊ घालून स्वतःच्या ओढणीत गुंडाळी आणि त्याच्यासाठी दुवा मागे.

दोन वर्षांपूर्वी गावात मौलवी सिराजुद्दीन आले. माणूस शिकलेला, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला! जैतूनबीच्या साध्याभोळ्या लेकाला, फकरूला, ते भर रस्त्यात हिणवत, "सटवाईच्या ओटीवर पोसलेला, तू कसला मुसलमान?" फकरू खाली मान घालून महाराजांकडे येई आणि चिंचेखालचा पालापाचोळा झाडू लागे.

आषाढातल्या एका सकाळी जैतूनबी गेली. मौलवींनी घरोघर निरोप धाडला, "तिच्या जनाज्याची नमाज कुणी पढायची नाही. कब्रस्तानात तिला जागा नाही. जो जाईल, त्याच्या घरचा निकाह मी लावणार नाही."

एकेक दार बंद झाले. दुपार कलली. फकरू धावत महाराजांपाशी आला.

"बाबा, अम्मा घरातच पडून आहे. खांद्याला माणूस मिळेना. तिला नमाजेशिवाय मातीत घालू का?"

एवढ्यात मागून ज्ञानबा गुरव आणि त्याचे भाऊ आले. "खांदा आमचा," ज्ञानबा म्हणाला. "आमाला जगात आनलं मावशीनं. आन् कबरस्तानात जागा न्हाई म्हनत असतील, तर माजं रान हाय की!"

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "ज्ञानबा, तुझं रान मोठं, मन त्याहून मोठं. पण म्हातारी आपल्या धन्याशेजारीच निजेल. चला."

ज्ञानबाच्या भावांनी आधी जाऊन कबर खणली, मग जनाजा खांद्यावर आणला. कब्रस्तानाच्या फाटकाशी मौलवी उभेच होते. "शहासाहेब, हे दीनाच्या, आपल्या धर्माच्या विरुद्ध आहे!"

महाराज शांतपणे म्हणाले, "मौलवीसाहेब, दिवसातून कितीदा तुम्ही अल्लाला रहमान, दयाळू म्हणता? मग त्याच्या दारावर पहाऱ्याला कुणी बसवलं तुम्हाला?"

मौलवी हसले. "पढा मग! जनाज्याच्या नमाजेला तीन सफा, तीन रांगा असाव्यात. तुमच्यामागे तर एकच पिंजारी!"

फकरू रडवेला झाला. महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, तू तुझ्या जागी उभा राहा. सफा भरणं त्याचं काम."

ज्ञानबा आणि त्याचे भाऊ हात जोडून बाजूला उभे राहिले. महाराजांनी 'अल्लाहु अकबर' म्हणत पहिली तकबीर उच्चारली, आणि वारा थांबला. फाटकाशी उभ्या मौलवींच्या पायांजवळून काहीतरी पटपट, पटपट आत गेले. लेकरे अनवाणी पळतात, तसा आवाज. त्यांनी वळून पाहिले. कुणीच नव्हते! आवाज मात्र येतच राहिला. चौथ्या तकबिरीनंतर महाराजांनी उजवीकडे सलाम केला, डावीकडे केला, आणि सगळे निवांत झाले.

ज्ञानबाने खाली पाहिले. ओल्या मातीवर, फकरूच्या दोन्ही अंगांना आणि त्याच्या मागे, तीन सरळ सफा उमटल्या होत्या. पावले अंगठ्याएवढी! नुकत्याच जन्मलेल्या बाळांची! जैतूनबीच्या हाती आलेली, पण जगात न राहिलेली सारी लेकरे तिच्या जनाज्याला उभी राहून गेली होती. कोणते पाऊल कुणाच्या घरचे, कोणत्या धर्माचे, हे कुणाला सांगता आले असते?

मौलवी आत आले. सफेच्या टोकाशी ते थबकले. तिथल्या एका डाव्या पावलाला सहा बोटे होती.

गेल्या साली मौलवींचे पहिले मूल मेलेलेच जन्मले होते. ते इवलेसे शरीर त्यांनी स्वतःच्या हातांनी मातीत ठेवले होते. त्याच्या डाव्या पायाला सहा बोटे होती, हे त्यांच्याखेरीज फक्त त्यांच्या बीबीला आणि जैतूनबीला ठाऊक होते.

"माझा मुलगा आला," मौलवी कसेबसे म्हणाले. "मी आलो नाही."

ते महाराजांच्या पायांवर कोसळणार, तोच महाराजांनी त्यांना धरले. "माझ्यापुढे नको. ज्याची आई गेली, त्याच्यापुढे जा."

मौलवी फकरूपुढे जाऊन उभे राहिले. त्यांची दाढी आसवांनी भिजली होती. "फकरूभाई, माफी मागायला तोंड नाही. तुमच्या अम्मांना माती देऊ द्याल का?"

फकरूने डोळे पुसले आणि कबरीजवळून बाजूला होऊन त्यांना जागा करून दिली. सावरखोऱ्याचे ते मानी मौलवी कमरेतून वाकले, कपाळ जवळजवळ जमिनीला टेकले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी माती उचलली.