ठुमीची करवंटी

झाडंसुद्धा एकमेकांशी गप्पा मारायची, त्या काळातली ही गोष्ट. ठुमी नावाच्या खारीला एकतारी शिकायची हौस आली. तार मिळाली, दांडीही मिळाली. आता आवाज घुमवायला खाली एक भोपळा हवा होता. साळिंदरमामांच्या दुकानात गेली, तर मामांनी सगळ्यांत मोठा भोपळाच पुढे केला. "आवाज कसा दणदणीत पाहिजे!" ठुमीलाही ते पटलं.

घरी येऊन तिनं पहिलाच सूर छेडला. तो चुकला आणि रानभर घुमला. पोपटांनी तो लगेच उचलला. मग दिवसभर ज्या त्या फांदीवरून तोच बेसूर! शेजारच्या ढोलीतले घुबडआजोबा दिवसा झोपणारे. ते डोळे चोळत ओरडले, "अगं ए, जीव घेतेस का माझा?"

ठुमी लाजून चूर झाली. एकतारी कोपऱ्यात गेली. पण बोटं कुठली स्वस्थ बसतात? सकाळीच तिनं भोपळा परत केला आणि नारळाची करवंटी मागितली.

"एवढ्याशा करवंटीतून कुणाला ऐकू जाणार?" मामा हसले.

"मला," ठुमी म्हणाली. "सध्या तेवढं पुष्कळ झालं."

मग काय, ठुमी मनसोक्त चुकू लागली. चुकायची, खुदकन हसायची, पुन्हा छेडायची. थंडी पडली तेव्हा कुठे सूर बोटांत बसले.

एका दुपारी ती वाजवत असताना घुबडआजोबा ढोलीतून पुन्हा ओरडले. ठुमीनं दचकून तारेवर हात ठेवला.

पण आजोबा पोपटांवर डाफरत होते, "अरे, गप्प बसा की जरा! तिचं ऐकू येत नाहीये मला!"