बाकावरची जागा

"तुमच्यानंतर तुमची जागा कोण घेणार, चाचा?"

इद्रिस परकारने हे विचारलं तेव्हा अब्बासचाचा दळवी उभे होते. बसणार कुठे? अंगणात बाक एकच, आणि त्याच्या मधोमध इद्रिस. डावीकडे त्याची बॅग, उजवीकडे टोपी आणि कागदांचा गठ्ठा.

केप टाऊनच्या डोंगरउतारावर कोकणातून गेलेल्यांची ती वस्ती. गोऱ्यांची दारं वेगळी, रांगा वेगळ्या, बाकंसुद्धा वेगळी, असे कायदे होते त्या काळी. त्यांच्याशी भांडत चाचा अकरा वर्षं तुरुंगात काढून आले. कायदे गेले तेव्हा बागेतलं एक बाक त्यांनी भंगारातून घरी आणलं. 'फक्त गोऱ्यांसाठी' ही त्यावरची अक्षरं कुणी खरवडली नव्हती. लोक बसून बसून ती आपोआप झिजली होती.

रविवारी चाचांच्या संघटनेचा नवा अध्यक्ष ठरायचा होता. चाचांचा शब्द शेवटचा. इद्रिसने नवा सूटही शिवून ठेवला होता, आणि आज तोच घालून आला होता.

"तुला काय वाटतं, कोण घेईल?"

"मी काय सांगणार... लोक माझं नाव घेतात."

"ताकाला आलास ना? मग भांडं कशाला लपवतोस?"

इद्रिस लाजला. फार नाही, बेताचाच. मग त्याने गठ्ठा उचलला. चाचांचं चरित्र त्याने लिहून आणलं होतं, चाचांना काहीही न विचारता.

"ऐका. 'पोलिसाने पिस्तूल रोखलं. गोऱ्यांच्या बाकावरून तो वाघ गरजला...'"

"पिस्तूल नव्हतं. हातात सँडविच होतं त्याच्या."

"पण तुम्ही गरजलात ना?"

"घसा बसला होता माझा."

इतक्यात शेजारची हवाबी मासळीची टोपली कमरेवर घेऊन आली. सत्तरीची बाई, चढ चढून धापा टाकत होती. इद्रिसने मान हलवून सलाम केला आणि वास लागू नये म्हणून कोट आवरून घेतला.

"'त्या बाकावर तो वीर एकटाच...'"

"एकटा कुठला? ही होती शेजारी."

"कोण?"

"ही हवाबी."

इद्रिसने समासात लिहिलं: एक महिलाही. हवाबीने टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

"बरं, मग पोलिसाला म्हणालात तरी काय?"

चाचांनी आठवून पाहिलं.

"तो म्हणाला, ऊठ. मी म्हटलं, उठत नाही, सरकतो. तूही बस. उभ्याने खाऊ नये."

"...मग?"

"बसला. दोन घास खाल्ले. मग त्याला आठवलं आपण पोलीस आहोत. पकडलं आम्हाला."

हवाबी हसली. इद्रिसचा चेहरा पडला. असल्या गोष्टीवर टाळ्या कशा पडायच्या?

"हे छापता नाही येणार, चाचा."

"नको छापू."

इद्रिसने कागद खाली ठेवले. सात वर्षं त्याने संघटनेची पत्रकं भिंतींवर चिकटवली होती. एकदा डोकंही फुटलं होतं. त्याला ते पद मनापासून हवं होतं, आणि आता त्याच्याने राहवेना.

"स्पष्टच विचारतो. तुमची जागा मला मिळेल की नाही?"

चाचांनी बाकाकडे पाहिलं. बॅगेकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. हवाबीकडे पाहिलं...



"मिळेल की," चाचा म्हणाले. "आधी जरा सरक."